अस्थीची संमती

सन 1194 मध्ये यमुनेकाठच्या चंदावरच्या रणांगणावर कनोजचा गाहडवाल राजा जयचंद घोरीच्या सैन्याशी लढताना डोळ्यात बाण लागून हत्तीवरून कोसळला, आणि प्रेतांच्या त्या राशीतून राजाचे शव हुडकून काढण्याची वेळ आली तेव्हा, फारसी तवारीखकारांनी नमूद केल्याप्रमाणे, त्याची ओळख अखेर पटली ती सोन्याने जखडून बसवलेल्या त्याच्या दातांवरून. मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरपदावरून निवृत्त होऊन स्वदेशी परतलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1841 साली हिंदुस्थानचा जो इतिहास प्रसिद्ध केला त्यातही त्याने ही बारीकशी बाब गाळली नाही, कारण तत्कालीन राहणीवर तिच्यामुळे थोडाफार प्रकाश पडतो असे त्या चाणाक्ष गृहस्थास वाटले. जयचंदाच्या कथित फितुरीवर आपल्याकडे जेवढी शाई खर्ची पडली तिच्या शतांशानेही त्याच्या दातांवर पडलेली नाही. आणि तरीही ज्या कोणा अज्ञात कारागिराने राजाच्या मुखात सुवर्णाचे ते बंधन घातले, त्याच्या हातचे काम लढाईच्या धुमश्चक्रीतही ढळले नाही ही गोष्ट, माझ्या मते, कनोजच्या कित्येक ताम्रपटांइतकी मोलाची आहे.

सुवर्णाने दात बांधण्याची ही युक्ती त्या काळीही नवी नव्हती. इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत, ख्रिस्तपूर्व काळातील, सोन्याच्या पातळ पट्ट्या दातांभोवती गुंडाळून त्यांत मध्येच एखादा परका दात, क्वचित बैलाचा किंवा वासराचा कापून घडवलेला, खिळ्याने बसवल्याचे नमुने सापडले आहेत. आणि प्रेताबरोबर सोने पुरण्यास सक्त मनाई करणाऱ्या रोमनांच्या द्वादश पट्टिकांनी दात बांधण्याकडे खर्ची पडलेल्या सोन्याला तेवढी सूट दिलेली आहे, यावरून मृताच्या तोंडातले सोने उपसून काढण्याच्या वारसदारी मोहाला आळा घालणे त्या विधिकर्त्यांस अगत्याचे वाटले असावे. या सर्व कारागिरीत एक उणीव मात्र सारखीच होती. परक्या दाताला स्वतःचे मूळ नव्हते. तो शेजारच्या दातांच्या आश्रयाने, त्यांच्यावर आपला भार टाकून उभा राही, आणि जामीन राहिलेला शेजारी डळमळू लागला की ऋणको व जामीनदार दोघेही एकदमच बुडत.

आमच्या सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली आहे. त्यांपैकी पंधरा दंतमूलांचे म्हणजे हिरड्यांचे आणि आठ प्रत्यक्ष दातांचे. बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढे जाड असे दंतकाष्ठ कोणत्या वृक्षाचे घ्यावे, ते कोणी वापरू नये, येथवर बारकावे त्यात आहेत. तुटलेले नाक गालाच्या कातड्याने पुन्हा उभारणारा हा शल्यकार दातांपाशी येताच मात्र विलक्षण सावध होतो आणि वरच्या जबड्यातील दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये, उपटल्यास अतिरक्तस्राव होऊन दृष्टीला व मुखाला अपाय संभवतो, असे बजावतो. गेलेल्या दाताच्या जागी दुसरा बसवावा हा विचार त्याच्या दंतप्रकरणात येत नाही. तिकडे जपानात, सन 1538 मध्ये निवर्तलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची एकाच लाकडाच्या तुकड्यातून कोरलेली वरच्या जबड्याची संपूर्ण कवळी वाकायामा येथे जतन करून ठेवलेली आहे. मूर्ती कोरण्यात मुरलेल्या हातांनी टाळूच्या घुमटाचा अचूक ठसा लाकडात उतरवला, आणि केवळ त्या चोख बसण्याच्या जोरावर ती कवळी टाळूला चिकटून राही. युरोपास हे तत्त्व उमगण्यास आणखी दोनअडीचशे वर्षे लागली.

दात शेजाऱ्याला बांधण्याऐवजी थेट हाडात रोवावा हा दुसरा मार्ग. होंडुरासमधील उलुआ नदीच्या खोऱ्यात 1931 मध्ये उत्खनन चालू असता एक खालचा जबडा हाती लागला, सुमारे इसवी सन 600 च्या आसपासचा, ज्यात समोरच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे दाताच्या आकारात घासलेले तुकडे बसवलेले होते. बरीच वर्षे विद्वानांनी अशी समजूत करून घेतली की हा मृत्यूनंतरचा शृंगार असावा. परंतु 1970 मध्ये त्या जबड्याची क्षकिरण छायाचित्रे घेण्यात आली तेव्हा शिंपल्याभोवती नवे हाड धरल्याच्या खुणा दिसल्या, आणि प्रेताला नवे हाड धरत नाही हे उघड असल्यामुळे, त्या माणसाने ही शिंपल्याची दंतपंक्ती जिवंतपणीच, आणि पुष्कळ दिवस, वागवली होती असे मानणे भाग पडले. त्या प्रयोगाची परंपरा मात्र पुढे चालली नाही.

अठराव्या शतकातील लंडनमध्ये जॉन हंटर या थोर शल्यवैद्याने हाच विचार नव्याने हाती घेतला, आणि येथून या इतिहासातील सर्वांत लाजिरवाणे प्रकरण सुरू होते. हंटरने माणसाचा नुकताच उपटलेला दात कोंबड्याच्या तुऱ्यात खोचून पाहिला. तुऱ्यातील मुबलक रक्ताने तो दात धरून ठेवला, आणि 1771 मध्ये दातांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध करताना, एका जिवंत माणसाचा दात दुसऱ्याच्या हिरडीत बसवता येतो, या मताला त्याने आपल्या नावाचे वजन दिले. एवढे वजन मिळाल्यावर बाजार उभा राहण्यास कितीसा विलंब! धनिक स्त्रीपुरुष खुर्चीवर बसत, दात विकण्यास आलेली दरिद्री मुलेमुली समोर रांगेत उभी राहत. एकीचा दात उपटून लावून पाहायचा, मापात बसला नाही तर दुसरीचा उपटायचा, असा तो व्यवहार चाले. थॉमस रोलंडसनने 1787 मध्ये या प्रकारावर काढलेले व्यंगचित्र पाहिले की हसू येण्याऐवजी अंगावर काटा उभा राहतो. असा रोवलेला दात काही महिने, क्वचित काही वर्षे टिके, मग त्याचे मूळ झिजून तो गळून पडे. आणि कित्येकदा दाताबरोबर देणाऱ्याचा गुप्तरोगही घेणाऱ्याच्या रक्तात शिरे, त्यामुळे शतक संपता संपता ही प्रथा बदनाम होऊन मागे पडली.

अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच व्यापाराचा एक गिऱ्हाईक होता. एप्रिल 1789 मध्ये त्याने पदाची शपथ घेतली तेव्हा त्याच्या मुखात स्वतःचा असा एकच दात उरला होता. त्याच्या कवळ्या लाकडाच्या होत्या ही लोकप्रिय समजूत खोटी असून त्या पाणघोड्याच्या दंताच्या, शिशाच्या पट्ट्यांच्या, आणि माणसांच्या दातांच्याही होत्या. माउंट व्हर्ननच्या हिशेबवहीत मे 1784 मध्ये नऊ दातांपोटी गुलामांना सहा पौंड दोन शिलिंग रोख दिल्याची नोंद आहे. त्यांतील एखादा दात त्याच्या स्वतःच्या कवळीत गेला की नाही याचा पुरावा नाही. पण ज्याचे सर्वस्व कायद्याने मालकाचे मानले जाई त्याच्या दाताला रोख मोल द्यावे लागले, आणि त्या मोलाला विक्रीखत म्हणावे की जबरीची पावती, हे ठरवणारे न्यायासन त्या काळी अस्तित्वात नव्हते. पुढे 1815 मध्ये वॉटर्लूच्या मैदानावर पडलेल्या हजारो तरुण शिपायांचे निरोगी दात उपटून लंडनच्या दंतकारांना विकण्यात आले, आणि वॉटर्लूचे दात हा शब्दप्रयोग नंतरची कित्येक वर्षे मालाच्या उत्तमपणाची ग्वाही म्हणून रूढ राहिला.

या मृतांच्या बाजारातून सुटका केली ती कुंभारकलेने. पॅरिसजवळील सेंट जर्मां गावचा औषधविक्रेता अलेक्सिस दुशातो आपल्या हस्तिदंती कवळीच्या दुर्गंधीला कंटाळून 1774 च्या सुमारास चिनीमातीच्या कवळीच्या प्रयोगास लागला. दुबुआ द शेमां नामक दंतवैद्याने तिची सुधारणा करून फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत लंडन गाठले आणि 1791 मध्ये तिथे तिचा मक्ता मिळवला. बोस्टनमध्ये ऑक्टोबर 1846 मध्ये ईथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवणारा मॉर्टन स्वतः दंतवैद्यच होता, हा योगायोग मानू नये. दात उपटण्याची वेदना ज्या धंद्याच्या उत्पन्नाआड येत होती त्याच धंद्याने वेदनेवर तोड शोधली, आणि निर्वेदन उपटणे शक्य होताच कवळ्यांना गिऱ्हाइकांचा पूर लोटला. त्यापाठोपाठ गंधकाने कठीण केलेले रबर आले. स्वस्त, हलके, टाळूला चोख बसणारे. त्याच्या हक्काची मालकी असलेल्या अमेरिकन कंपनीने प्रत्येक दंतवैद्याकडून सालाना परवान्याची फी इतक्या निष्ठुरपणे वसूल केली, फिर्यादींचा इतका सपाटा लावला, की कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याला 1879 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सॅम्युएल चालफंट नावाच्या एका त्रासलेल्या दंतवैद्याने गोळी घालून ठार केले. आपल्याकडे मुंबईत चिनी दंतकारांच्या पाट्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्या कवळ्यांचे दिवस आठवत असतील. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने पदवीधरांची नोंद एका भागात आणि पदवीवाचून धंद्यात मुरलेल्यांची दुसऱ्या भागात करण्याची तजवीज केली, तेव्हा या जुन्या कारागिरांतील कित्येकांना सरकारदप्तरी जागा मिळाली. कवळीने गरज भागवली. पण तिच्याखालचे हाड वर्षानुवर्षे झिजतच राहते, आज चोख बसणारी कवळी काही वर्षांनी खडखडू लागते, आणि भाकरीचा कडक पापुद्रा किंवा सुपारीचे खांड समोर आले की म्हातारा माणूस ताटावरून हात काढून घेतो, या गोष्टीवर चिनीमाती, रबर आणि पुढचे ॲक्रिलिक यांपैकी कशालाही उपाय करता आला नाही.

तो उपाय हाडात शिरूनच व्हावयाचा होता. माज्जोलो या दंतवैद्याने 1809 मध्ये सोन्याचे कृत्रिम मूळ ताज्या खोबणीत बसवून, ते रुळेपर्यंत त्यावर दात चढवू नये असा शहाणा नियम घालून दिला. कॅन्ससमधील ग्रीनफील्डने 1913 मध्ये इरिडियम-प्लॅटिनमच्या तारांचा पोकळ पिंजरा हाडात वर्तुळाकार छेद घेऊन बसवला, आणि त्या जाळीतून हाड वाढून ते मूळ पकडील अशी अपेक्षा धरली. बोस्टनच्या स्ट्रॉक बंधूंनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस व्हायटॅलियम या मिश्रधातूचे स्क्रू वापरले. 1947 मध्ये इटलीत फॉर्मिजिनीने तारेचा मळसूत्री वेढा केला. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या लिंकोने पात्यासारखे चपटे मूळ प्रचारात आणले. यांतील काही मुळे वर्षानुवर्षे टिकली हे मान्य करावे लागेल, पण बहुतेकांची गत एकच झाली. शरीर परक्या धातूभोवती तंतूंचे मऊ आवरण विणी, मूळ त्या आवरणात हलू लागे, हलण्याने दाह होई, दाहाने हाड खचे. धातू बदलला, आकार बदलला, शरीराची ही हरकत काही बदलली नाही.

ज्या धातूपुढे ही हरकत मागे घेतली जाणार होती, तो पृथ्वीवर दुर्मिळ नाही. विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला 1791 मध्ये कॉर्नवॉलच्या एका ओढ्याच्या काळ्या, लोहचुंबकाला ओढल्या जाणाऱ्या वाळूत तो प्रथम आढळला; तशीच काळी इल्मेनाइटची वाळू आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, मालगुंड आणि काळबादेवीच्या पुळणींत, पावसाळ्यानंतर थर धरून पडलेली कोणालाही दिसते. टायटॅनियम हे नाव त्याला क्लाप्रोथने 1795 मध्ये दिले. शुद्ध स्वरूपात तो विपुल हाती येण्यास मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला, आणि आला तो विमाने बांधणाऱ्यांच्या मागणीखातर.

पेर-इंग्वार ब्रोनेमार्क याचा दातांशी काडीचाही संबंध नव्हता. स्वीडनमधील लुंडच्या विद्यापीठात 1952 च्या सुमारास हा तरुण शरीररचनाशास्त्रज्ञ सशाच्या पायाच्या हाडात सूक्ष्मदर्शकाची एक धातूची नळी बसवून, हाडाच्या मगजातील रक्ताभिसरण जिवंतपणीच कसे चालते हे पाहण्यात गढून गेला होता. नळी टायटॅनियमची करावी हा सल्ला त्याला एका अस्थिशल्यवैद्याने दिला होता. प्रयोग संपल्यावर ती महागडी नळी पुन्हा वापरण्यासाठी काढू गेला, तर ती निघेना. हाड तिच्या पृष्ठभागाला असे भिडले होते की ओढले असता हाडच तुटे. असा अनुभव इतरांनाही पूर्वी आला होता: 1940 मध्ये मांजरांवर प्रयोग करणाऱ्या संशोधकांनी टायटॅनियमला हाड धरते असे लिहून ठेवले होते, आणि 1951 मध्ये लेव्हेंथाल या अमेरिकनाने तो शल्यकर्मास योग्य धातू म्हणून पुकारला होता. पण कोणी ते वाचून पुढचे पाऊल उचलले नाही. ब्रोनेमार्कची थोरवी ती नळी अडकण्यात नाही, अडकलेल्या नळीपाशी थबकण्यात आहे. आपल्या मूळ अभ्यासाची ती अडचण समजून त्याने दुसऱ्या धातूची नळी घडवून घेतली असती तर त्याला दोष देता आला नसता.

तो पुढे गटेबोर्ग येथे गेला, आणि तिथे 1965 मध्ये युस्टा लार्सन हा चौतीस वर्षांचा मनुष्य त्याच्यापाशी आला. त्याचा टाळू जन्मतः दुभंगलेला, हनुवटी अपुरी, खालच्या जबड्यात दात नाहीत. चावणे तर राहोच, धड बोलणेही कष्टाचे. ब्रोनेमार्कने त्याच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमची चार मुळे रोवली, हिरडी शिवून ती पूर्णपणे झाकून टाकली, आणि तो थांबला. मातीच्या ओल्या भिंतीत खुंटी ठोकून लगेच तिला घोंगडी अडकवली तर खुंटी भगदाडासकट बाहेर येते, हे आमच्या कुठल्याही खेडुताला ठाऊक आहे; दंतवैद्यकाने मात्र, माज्जोलोसारखे अपवाद वगळता, दीडशे वर्षे ही घाई केली होती. ब्रोनेमार्कने खालच्या जबड्यासाठी तीनचार आणि वरच्या मऊ हाडासाठी सहा महिने इतकी मुदत घालून दिली. त्या अवधीत मुळावर तिळमात्र भार पडता कामा नये, छिद्र पाडताना गार क्षारजल वाहते ठेवून हाड तापू देता कामा नये, धातूला हाताचा स्पर्श होता कामा नये. सत्तेचाळीस अंश उष्णता एक मिनिटभर लागली तरी हाडाच्या पेशी दगावतात, हे त्याच्याच सहकाऱ्यांनी पुढे मोजून दाखवले.

स्वदेशातील दंतवैद्यकाच्या धुरीणांनी या शरीरशास्त्रज्ञाला बराच काळ दारातच उभे केले. दंतवैद्य नसलेल्या माणसाने जबड्यात धातू ठोकावा, आणि आजवरचे सारे अपयश समोर असताना यशाचा दावा करावा, हे त्यांना उद्दामपणाचे वाटले. आणि पूर्वीची रड पाहता त्यांची शंका अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. संशोधनाला पैसाही काही काळ अमेरिकेतून मिळवावा लागला. अखेर 1977 मध्ये दहा वर्षांतील रुग्णांचा तपशीलवार वृत्तांत त्याने प्रसिद्ध केला, आणि 1982 मध्ये टोरंटो येथे जॉर्ज झार्ब याने बोलावलेल्या परिषदेत उत्तर अमेरिकेतील विद्यापीठांच्या प्रतिनिधींसमोर तो पुरावा रुजू झाला, तेव्हा विरोधाचा निकाल लागला. लार्सन 2006 मध्ये वारला. चाळीस वर्षांहून अधिक काळ ती मुळे त्याच्या जबड्यात काम देत होती.

आज एखादा गृहस्थ दंतरोपणासाठी पुण्यामुंबईच्या दवाखान्यात जातो तेव्हा त्याला जे सोसावे लागते, त्यातील जवळजवळ प्रत्येक पायरीमागे वरीलपैकी कोणाचे तरी अपयश उभे असते. पहिल्या भेटीत क्षकिरणांनी जबड्याचे त्रिमितीय चित्र काढतात, कारण दात जाऊन वर्षे लोटली असतील तर हाड झिजून मुळापुरती जागाच उरलेली नसते, आणि वरच्या जबड्यात नाकाशेजारची पोकळी खाली उतरलेली असते. अशा वेळी प्रथम हाडाची भर घालावी लागून सारा कारभार कित्येक महिने लांबतो. प्रत्यक्ष शस्त्रक्रिया हिरडीपुरती बधिरता आणून होते, आणि जुन्या रुग्णांकडून ऐकाल तर दाढ उपटण्यापेक्षा तिचा त्रास कमीच; दोनतीन दिवस सूज, मऊ भात, इतकेच. मग वाट पाहणे. बर्नच्या श्रोडरने मूळ न झाकताही हाड धरते हे सिद्ध केले, मुळाचा पृष्ठभाग खरखरीत केल्याने मुदत कित्येकदा दोनतीन महिन्यांवर आली, निवडक रुग्णांत त्याच दिवशी तात्पुरता दातही बसवतात. पण एका दिवसात सर्व दात अशा पाट्या ज्या उत्साहाने लागतात तो पाहिला की, मुदतीची ही तरतूद कोणाच्या अनुभवातून आली याचा लोकांना विसर पडला आहे असे वाटते. शेवटी मुळावर जोडखुंट आणि त्यावर दाताची टोपी चढते, आणि खर्चाचा आकडा ऐकून घरी परतणारेही पुष्कळ असतात, हे सांगितले पाहिजे.

टोपी चढली म्हणजे काम संपले नाही. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंची एक गादी असते, जिच्यामुळे भातातला खडा जिभेआधी दाताला कळतो. रोपित मुळाला ती नाही, ते हाडाशी थेट जखडलेले असते, म्हणून चावण्याचा दाब तिथे आंधळा पडतो आणि टोपी फुटण्याचा किंवा आतला स्क्रू सैल होण्याचा प्रसंग येऊ शकतो. त्याला कीड लागत नाही हे खरे. परंतु हिरडीचा दाह त्यालाही होतो, तो वेदनेवाचून हाडापर्यंत उतरतो, आणि अस्वच्छ मुख, ताब्यात नसलेला मधुमेह व तंबाखू ही तीन कारणे जिथे एकत्र नांदतात तिथे उत्तम हाताने रोवलेले मूळही निखळते. खेड्यापाड्यांतून आपल्या कित्येक बायका सकाळ-संध्याकाळ भाजलेल्या तंबाखूची मिसरी हिरड्यांवर घासतात, ती दात बळकट करते या भ्रमात. दंतवैद्याने शस्त्रक्रियेआधी याची उघड चौकशी केली पाहिजे, आणि रुग्णानेही भिडेपोटी उत्तर लपवू नये.

आणखी एक लहानशी बाब, जिच्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. जगात आज अशी मुळे तयार करणारे कारखाने शेकड्यांनी आहेत, प्रत्येकाचा आटा आणि आतला पेच निराळा, तो फिरवण्याचे हत्यारही निराळे. दहा वर्षांनी गाव बदललेल्या रुग्णाचा स्क्रू सैल झाला तर नव्या दंतवैद्याला प्रथम पडणारे कोडे हे मूळ कोणत्या कंपनीचे, हेच असते. यासाठी मुळाच्या वेष्टनावर माप आणि तुकडीचा क्रमांक असलेली जी चिठ्ठी असते, तिची एक प्रत दवाखान्याच्या दप्तरात आणि दुसरी रुग्णाच्या हाती असावी असा शिरस्ता आहे. ती मागून घ्यावी, आणि घरात शिधापत्रिका, खरेदीखते वगैरे जिथे ठेवतात तिथेच ठेवावी.